चौदा खाती आणि दोन वेळचं जेवण

अहो, ऐकलंत का? या जरा इकडं, कुपाटीला हात नका लावू, पऱ्हाट्या नव्या आहेत, ओरखडा उठेल. तर परवाच्या हळदीकुंकवाला आपल्या मास्तरीणबाईंनी काय केलं, कळलं ना तुम्हाला? पुढ्यात ताटली आली, त्यात चिवडा, तिळाचा लाडू, वर एक केळं. आणि बाईंनी दोन्ही हात जोडले. "माझं एकदा झालंय हो. आता डायरेक्ट संध्याकाळी सात वाजता."

आता बोला! बारशाचं जेवण आटपून त्याच पायी डोहाळजेवणाला जाणारी ही बाई. यजमानीण ताटली हातात धरून तशीच उभी. चेहरा इतका पडला तिचा, मलाच कसंतरी झालं. पाटलीणबाईंना कुठं दम निघतो, त्यांनी लगेच विचारलं, "काहून व माय, उपास धरला का आज?" तर म्हणे नाही, दीक्षित डाएट. दिवसातून दोनदाच जेवायचं, खरी भूक कधी लागते ते बघून दोन वेळा ठरवायच्या, आणि बसलं की पंचावन्न मिनिटांत उठायचं. पंचावन्न! मधे काही नाही. पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा, फार तर टोमॅटोची फोड. आणि रोज पाऊण तास चालायचं, तेही रमतगमत नाही, पाऊण तासात साडेचार किलोमीटर झालं पाहिजे. म्हणून तर त्या हल्ली बिटरगावच्या रस्त्यानं तरातरा निघालेल्या दिसतात. आम्हाला वाटलं, घरात काही वाजलं की काय...

तर काय सांगत होते, हां. मी म्हटलं, "मास्तरीणबाई, नाव दीक्षितांचं लागलंय खरं, पण मूळ कोणाचं ते ठाऊक आहे का? आपल्या जिचकारांचं आहे ते." झालं! सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. आणि ती कोपऱ्यावरची नवी सून, पुण्याची, कॉम्प्युटरवाली, ती विचारते, "कोण जिचकार?"

कोण जिचकार म्हणे! अहो, आमच्या वेळी या विदर्भात असं एक घर नव्हतं जिथं पोराच्या पाठीत धपाटा घालताना हे नाव निघालं नाही. "तो बघ काटोलचा जिचकार, आणि तू बघ, गणितात नापास." आमच्या धाकट्या दिराला तर त्या माणसाचा रागच होता. म्हणायचा, त्यानं माझं बालपण खाल्लं.

तुम्हाला तर सगळं माहीत आहे, पण त्या पोरीसाठी मला पहिल्यापासून सांगावं लागलं. डॉक्टर श्रीकांत जिचकार. काटोलजवळच्या आजनगावचे, शेतकऱ्याच्या घरातले, १९५४ चा जन्म. संत्र्याचा मुलूख तो. नागपुरात शिकले, एमबीबीएस झाले, वर एमडी. आता सांगा, एमडी झालेला पोरगा घरात असला की आपण काय करतो? गांधी चौकात गाळा बघतो, बोर्ड रंगवतो, मुलगी बघतो. पाटलीणबाईंचा नातू नांदेडला नीटच्या क्लासला आहे, अजून अकरावीत आहे, पण यांनी दवाखान्याची जागासुद्धा हेरून ठेवली. आणि हा गडी! एमडी झाला आणि निघाला वकिली शिकायला. एलएलबी, एलएलएम. मग बिझनेसची डिग्री, मग पत्रकारितेची. मग एमए धरलं. एक नाही हो! संस्कृतात एमए, इतिहासात एमए, अर्थशास्त्रात, समाजशास्त्रात, तत्त्वज्ञानात, मानसशास्त्रात, इंग्रजीत... मी बोटं मोडत गेले तर दोन्ही हातांची संपली. संस्कृतातली डी.लिट. ती वेगळीच.

नागपूर विद्यापीठाच्या परीक्षा तेव्हा उन्हाळी आणि हिवाळी अशा व्हायच्या ना, तर १९७३ पासून १९९० पर्यंत हे प्रत्येक उन्हाळ्यात आणि प्रत्येक हिवाळ्यात परीक्षेला बसलेले. बेचाळीस परीक्षा. अठ्ठावीस सुवर्णपदकं. सुनेनं लगेच मोबाईल काढला, खरं की खोटं बघायला. आणि मग तिचं तोंड हळूहळू जे उघडत गेलं, ते मी बघत होते बरं का. शेवटी म्हणाली, "हो, दिसतंय." दिसतंय म्हणे! आम्ही काय हवेतलं सांगतो का?

मास्तरांचं मात्र वेगळंच. ते बाहेर ओट्यावर पेपर वाचत बसलेले, पण कान आत. तिथूनच ओरडले, "अहो, इतकी परीक्षा देणारा माणूस वाचतो कधी आणि जगतो कधी?" आता यांनी स्वतः बी.एड. किती खेपांत काढलं ते आपल्या अख्ख्या ढाणकी गावाला माहीत आहे, मी कशाला बोलू. पण मास्तरीणबाई खाली मान घालून हसल्या, ते त्यांनी खिडकीतून बघितलं. मग पेपर जोरात घडी केल्याचा आवाज आला.

वाचायचे हो ते, आणि कसं! घरात बावन्न हजार पुस्तकं होती म्हणतात. पुन्हा चित्रं काढायचे, फोटो काढायचे, नाटकात काम करायचे, गीतेवर व्याख्यानं द्यायचे. आमचे हे म्हणतात, असा माणूस नवरा म्हणून मिळाला असता तर तू एका आठवड्यात माहेरी गेली असतीस. जाऊ दे, ह्यांचं काय ऐकता.

तर नोकरीची गोष्ट राहिलीच की. १९७८ ला आयपीएस झाले. सोडलं. पुन्हा परीक्षेला बसले, १९८० ला आयएएस झाले. ते चार महिन्यांत सोडलं! हे सांगितलं ना, तेव्हा पाटलीणबाईंच्या हातातला करंडा खाली ठेवला गेला. "आयएएस सोडलं? माय वं माय! काहून?" त्यांच्या भाच्याचे तीन अटेम्प्ट झालेत, पुण्यात खोली करून राहतो, महिन्याला पैसे पाठवतात. त्यांच्या जिव्हारी लागणारच हो. बाप्पा, ज्याच्यासाठी लोक जमीन विकतात ते कागद यानं परत देऊन टाकले.

आणि कशासाठी, तर आमदारकीसाठी. १९८० ला विधानसभेची निवडणूक लागली, काटोलमधून काँग्रेसचं तिकीट मिळालं, आणि निवडूनसुद्धा आले. आमदार व्हायला वयाची पंचवीस वर्षं पुरी लागतात, आणि हे पंचविशीतच होते! देशात सगळ्यात तरुण आमदार म्हणून नाव झालं. म्हणजे बघा, स्टेथोस्कोप, खाकी वर्दी आणि साहेबाची खुर्ची, तिन्ही एका मागोमाग खाली ठेवून माणूस खादी घालून मोकळा.

मग मंत्री झाले. आणि एकदोन नाही, चौदा खाती एकट्याकडं! आपल्याकडं घरातलं रेशन, लाईटबिल आणि गॅसचा नंबर ही तीन खाती एकाकडं दिली तरी महिन्याअखेर भांडण होतं.

आता यावर मास्तर पुन्हा बोलले, कारण त्यांना राहवलं नाही. "डॉक्टरनं डॉक्टरकी करावी, राजकारणात काय काम?" मी म्हटलं, मास्तर, तुम्ही इतिहास शिकवता ना? मग आपलं वऱ्हाड जेव्हा मध्यप्रांतात होतं, तेव्हा इथला प्रधान कोण होता ते सांगा बरं या पोरींना. गप्प. अहो, डॉक्टर ना. भा. खरे! नागपूरचेच डॉक्टर, लाहोरहून एमडी झालेले, रोगी तपासणारे. १९३७ साली काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं तेव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडाचा कारभार त्यांच्याच हातात. म्हणजे आपलं यवतमाळसुद्धा त्यांच्याच खाली की.

पण ते टिकले मात्र वर्षभरच. मंत्र्यांमंत्र्यांतच जुंपली. महाकोशलवाले एकीकडं, नागपूरवाले एकीकडं. खऱ्यांनी काय करावं? स्वतः राजीनामा दिला, जे मंत्री राजीनामा देईनात त्यांना गव्हर्नरकडून काढवलं, आणि रातोरात नवं मंत्रिमंडळ उभं केलं. इंग्रज गव्हर्नरची मदत घेतली म्हणून काँग्रेसचे पुढारी असे भडकले की विचारू नका. तिकडं वर्ध्याला बैठक बसली, आणि १९३८ च्या जुलैत डॉक्टरसाहेब पायउतार. त्यांच्या जागी रविशंकर शुक्ल. खऱ्यांनी ते जन्मभर विसरलं नाही. पुढं व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले, अलवर संस्थानाचे प्रधान झाले, हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. तिकडं जाऊन खासदारसुद्धा झाले, ग्वाल्हेरहून. रोग्याचा राग धरत नाहीत डॉक्टर, पण पक्षाचा धरतात बहुतेक.

बघा, कुठं गेले मी. तर काय सांगत होते... जिचकार. काटोलची आमदारकी पंचाऐंशीपर्यंत. मग विधान परिषद, १९८६ ते १९९२. मग सहा वर्षं राज्यसभा. मुंबई झाली, नागपूरचं हिवाळी अधिवेशन झालं, दिल्ली झाली. माणूस सभागृहात उभा राहिला की बजेटपासून वेदांपर्यंत कशावरही बोलायचा, आणि बोलताना कागद लागायचा नाही म्हणे. आणि एवढं असून घरात अग्निहोत्र! सोमयाग केलेले, दीक्षित झालेले. म्हणजे एमडी डॉक्टर, कायदेपंडित, मंत्री, आणि सकाळ-संध्याकाळ अग्नीत आहुती. नागपुरात सांदीपनी म्हणून शाळा काढली. रामटेकचं ते संस्कृत विद्यापीठ, कविकुलगुरू कालिदासांच्या नावाचं, १९९७ ला सुरू झालं, त्याच्यामागंही हेच हात धुऊन लागलेले.

आणि आता पुढची गंमत ऐका. गंमत कसली... लोकसभेचं बघा. भंडाऱ्याहून उभे राहिले, पडले. २००४ ला पुन्हा उभे राहिले, कुठून? रामटेकहून. ज्या रामटेकला विद्यापीठ आणलं, तिथूनच. समोर शिवसेनेचे सुबोध मोहिते. आणि पडले हो! फार मोठ्या फरकानं नाही, थोडक्यात. पण पडले ते पडले.

हे ऐकून सुनेच्या तोंडून निघून गेलं, "इतका शिकलेला माणूस, लोकांनी पाडला कसा?" तिला काय सांगणार. पाटलीणबाईंचे सासरे दोन टर्म सरपंच होते, त्यांना हे गणित पाठ. त्या म्हणाल्या, "पोरी, मत देतानी डिग्री कोण पाह्यते? तेराव्याले आला होता का, बोर पाडून देल्ला का, हे पाह्यते." आणि खरंच की. आपलंच बघा, जिल्हा यवतमाळ, तालुका उमरखेड, दवाखाना नांदेडचा, आणि खासदार निवडायचा हिंगोलीचा. आपण तरी कुठं कोणाची डिग्री विचारली? आणि हल्ली नावापुढं डॉक्टर लिहिलेलं असलं तरी तो सुई टोचणारा डॉक्टर असेलच असं नाही, ते वेगळंच.

पण मोहित्यांचं पुढं काय झालं, ते आठवतंय ना? ज्या शिवसेनेकडून जिचकारांना पाडलं, ती शिवसेना सोडून तेच २००७ ला काँग्रेसमध्ये आले! पुन्हा निवडणूक लागली, आणि या वेळी तेच पडले, शिवसेनेच्या प्रकाश जाधवांपुढं. आमचे हे तेव्हा पेपर घेऊन सगळ्या गल्लीत फिरले होते. मी म्हटलं, अहो, ज्याला हे बघायला हवं होतं तो माणूस कुठं आहे?

नव्हतेच ना तेव्हा. रामटेकचा निकाल लागला तेरा मेला, आणि दोन जूनला कोंढाळीजवळ गाडीला अपघात. जागच्या जागी सगळं संपलं. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती हो. वीस दिवसांत पराभवही झाला आणि माणूसही गेला. आमच्या घरी नागपूरहून फोन आला होता, तेव्हा लँडलाईन, ह्यांनी उचलला आणि नुसतं "हो... हो..." म्हणत राहिले. त्या दिवशी आमच्या दिरानं, त्याच दिरानं, ज्याचं बालपण खाल्लं होतं ना, त्यानं जेवण घेतलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग या डाएटचं काय? तेच तर सांगते. जिचकार राजकारणात गेले तरी आतला डॉक्टर काही गेला नव्हता. वजन कमी कसं करायचं यावर ते भाषणं द्यायचे. साधी गोष्ट होती. आपण खाल्लं रे खाल्लं की शरीरात इन्शुलिन सुटतं. सकाळी चहा-बिस्कीट, दहाला पोहे, एकला जेवण, चारला पुन्हा चहा, कोणी आलं की त्याच्यासोबत पुन्हा... दिवसभर इन्शुलिन सुटतच राहतं, आणि ते असेपर्यंत साठलेली चरबी काही हलत नाही. म्हणून खायच्या वेळा कमी करा. किती खाता यापेक्षा किती वेळा खाता ते बघा. बस.

ती भाषणं रेकॉर्ड झालेली होती. माणूस गेल्यावर कितीतरी वर्षांनी ती डॉक्टर जगन्नाथ दीक्षितांच्या कानावर पडली. ते तेव्हा लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात. त्यांनी आधी स्वतःवर करून बघितलं, वजन उतरलं, मग घरातल्यांवर, मग गावोगाव व्याख्यानं. आणि तो माणूस मोठा म्हणायचा हो, प्रत्येक व्याख्यानात जिचकारांचं नाव घेतो. फी घेत नाही. पण लोकांच्या तोंडी बसलं ते दीक्षित डाएट. बसायचंच, जो समोर उभा राहून सांगतो त्याचं नाव होतं.

मला विचाराल तर मला हेच फार वाटलं. माणसानं चौदा खाती सांभाळली, त्यातलं एकही आज आपल्याला सांगता यायचं नाही. मी विचारलं सगळ्यांना, एकीला आलं नाही. मलाही नाही. बेचाळीस परीक्षा दिल्या, त्याचा उपयोग पोरांना धाक घालायला. आणि ज्या एमडीकडं पाठ फिरवून गेले म्हणतात, त्याच डॉक्टरकीतलं चार वाक्यांचं ज्ञान आज ढाणकीत हळदीकुंकवाच्या ताटलीला नाही म्हणायला लावतंय. मत न देणाऱ्यांच्या घरातसुद्धा! मी हे बोलून दाखवलं, तर मास्तरीणबाईंचे डोळे भरून आले. भुकेनं असतील, सांगता येत नाही, साडेपाच वाजले होते.

पण एक सांगून ठेवते, पाटलीणबाईंनी लगेच ठरवलं की उद्यापासून मीपण करते. त्यांना साखरेच्या गोळ्या चालू आहेत ना! मी म्हटलं, बाई गं, आधी डॉक्टरला विचार, गोळी घेऊन उपाशी राहिलीस तर चक्कर येऊन पडशील पैनगंगेच्या पुलावर. अठरा वर्षांखालच्या पोरांना नाही, गरोदर बाईला नाही, आणि लहानपणापासून इन्शुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्याला तर नाहीच नाही, असं दीक्षित स्वतः सांगतात. आधी रक्त तपासून घ्या म्हणतात, उपाशीपोटीचं इन्शुलिन आणि ती तीन महिन्यांची साखर. पाटलीणबाई रुसल्या. म्हणाल्या, "तुले काय, तू काडीवानी हायेस." अहो, काडीवाणी कुठली, पण म्हटलं म्हणू दे.

आणि हो, तुम्ही २०२४ च्या निवडणुकीचं ऐकलंच असेल. त्यांचा मुलगा, याज्ञवल्क्य, काटोलहूनच उभा राहिला. बापाला ज्या काँग्रेसचं तिकीट मिळालं होतं, ते याला मिळालं नाही, मग अपक्ष. नाही निवडून आला. नाव मात्र बघा कसं ठेवलंय, याज्ञवल्क्य! मतपत्रिकेवर वाचतानाच निम्मे लोक अडखळले असतील, आमचे हे म्हणाले.

त्यावरूनच तर ठिणगी पडली. मास्तर ओट्यावरून म्हणाले, "डॉक्टरच राहिले असते, तर आज नागपुरात त्यांच्या नावानं मोठं हॉस्पिटल असतं." आमचे हे दारातच उभे होते, मला न्यायला आलेले. ते म्हणाले, "हॉस्पिटलं पुष्कळ आहेत, मास्तर. पंचविशीत आयएएसला लाथ मारणारा एकच होता." मास्तर म्हणाले, लाथ मारून मिळालं काय. ह्यांनी म्हटलं, तुम्ही न मारून काय मिळवलंत. बाई गं! सगळ्या बायकांचे चेहरे असे झाले, मास्तरीणबाईंनी तर पदरच तोंडाला लावला. मी ह्यांचा हात धरून आणला घरी.

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. रोज सकाळी एका बाकड्यावर बसून चहा पिणारी ही माणसं, आता मास्तर बसस्टँडच्या टपरीवर जातात आणि आमचे हे बँकेसमोरच्या. आणि दोन्ही टपऱ्यांवर विषय एकच चाललाय, जिचकारांचा, असं दूधवाला सांगत होता.